व्हर्लिनच्या नावाचा झरा

मी, आर्डिथ लूमिस, वय एकाहत्तर, धंदा गुरं पाळण्याचा, राहणार हार्नी परगणा, ओरेगन, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही धाकाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचं एखादं सापडलं तर चुलीत घालावं.

कलम १. घर, गुरं व बँकेतली शिल्लक माझी भाची लोरेटा हिला. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या भावाला, व्हर्लिनला, त्यातलं काही देऊ नये अशी अट घालत नाही. ती त्याला पुरती ओळखून आहे.

कलम २. वरच्या जंगलाकडची झऱ्याची जमीन शेजारी मार्टिन एचानोवे यास. दुष्काळात गुरं तडफडत होती, तेव्हा जुनिपरच्या झाडाच्या मुळांखालून तो झरा मी पहारीनं मोकळा केला. मार्टिन आपल्या मेंढ्या सोडून मदतीला आला. व्हर्लिन गावात दारू ढोसत होता.

पुढे नकाशावाले साहेब तीन पायांवर उभं करायचं मोजणीचं टेबल घेऊन टेकड्या मोजायला आले. आमच्याकडेच जेवायचे. झऱ्या-ओढ्यांची नावं तिथल्या माणसांना विचारायची आणि तीच छापायची, ही त्यांची रीत. मी आत बिस्किटं भाजत होते. ओसरीवरून व्हर्लिनचा आवाज आला, "लिहा साहेब, व्हर्लिनचा झरा."

मी पिठाच्या हातांनी बाहेर धावले. "अरे, तिथे कधी कुदळ तरी मारलीस का?"

तो हसला. "बहीण आमची जरा तापट आहे, साहेब. कॉफी आण गं."

आणि मी मेली कॉफी आणायला गेले! परतले तोवर नाव लिहून झालं होतं. नकाशा छापून आल्यावर भांडले, तर म्हणतो, "नावानं काय तहान भागते?" तोच नकाशा त्यानं चौकटीत घालून भिंतीवर टांगलाय. तो बघून आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

कलम ३. मला गावच्या दफनभूमीत पुरू नये. झऱ्याच्या वरच्या अंगाला पुरावं, आणि दगडावर माझं नाव खोल कोरावं. कबर दिसली की तीही दगडावरच्या नावासकट नकाशात दाखवतात, असं त्याच साहेबांनी जेवताना सांगितलं होतं. पुन्हा मोजणी होईल तेव्हा मार्टिननं मोजणीवाल्यांना तिथे न्यावं.

कलम ४. व्हर्लिनला माझं भिंग. नकाशावरचं त्याचं नाव बारीक आहे, आता दिसत नसेल. दफनाला यायचं तर यावं. त्या दिवशी सगळ्यांची कॉफी त्यानं करावी.

सही: आर्डिथ लूमिस
साक्षीदार: ओपल टँडी, पोस्टमास्तरीण; ड्वेन क्रिटसर, लोहार
हार्नी परगणा, ९ ऑक्टोबर १९६३