उभ्यानं भाकरी

मंगळवार, ११ नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहायलेय. अक्षर कोंबडीच्या पायावानी. परभणीच्या दवाखान्यातली म्याडम म्हणली, "मावशी, रोज चार ओळी लिहा. काय जमलं, काय नाही जमलं, कशाचा राग आला." राग लिहायचा म्हणलं तर ही वही पुरायची न्हाई. चौथी शिकलेय मी.
अंगावरून वारं जाऊन तीन महिने झाले. तोंड सरळ झालं, पाय आला. उजवा हात लटकलेला. पायाचा डॉक्टर वेगळा, हाताची म्याडम वेगळी. तिच्या खात्याचं नाव लांबलचक हाय. मी हाताची म्याडमच म्हणते.

शुक्रवार, १४ नोव्हें.
पुण्याहून माझा लेक इलास आला, दवाखान्यात घेऊन गेला. हरभरे उचलून वाटीत टाका, कपड्याचे चिमटे लावा, टॉवेल पिळा. मी म्हणलं, "बालवाडीत घातलंय का मला?" म्याडम हसली. चिडतच न्हाई पोरगी. त्याचाच राग येतो.
मग इचारलं, "तुम्हाला स्वतःला कुठलं काम परत करायचंय?" इलासनं मधीच तोंड घातलं, "काही नको म्याडम. तिनं आता आराम करायचा."
मी म्हणलं, "भाकरी. माझी मी."
यष्टीत इलास म्हणला, "माय, येळवशीच्या अमावस्येला येतो. तवर तुझं तुला जमलं तर ऱ्हा पेडगावात. न्हाई तर घराला कुलूप लावू, चल पुण्याला."
पुण्याला आठ दिवस राहिले होते. चौथा मजला. ग्यालरीतून दुसऱ्याची ग्यालरी दिसती. हाक मारावी तर नाव माहीत न्हाई कुणाचं.

बुधवार, १९
चुलीपुढं बसले. परात गोल गोल फिरती, पीठ एकीकडं नि हात एकीकडं. तोल गेला. उजव्या हाताला चटका बसला ते कळलंच न्हाई. फोड दिसला तवा कळलं.
कुणाला सांगितलं न्हाई.

शनिवार, २२
कमळ, माझी धाकटी जाऊ, रोज सकाळी मधल्या भितीवरून दोन भाकरी देती. वाटण्या होऊन अठरा वर्षं झाली. सणवार सोडला तर तिच्या चुलीचं मी खाल्लं न्हाई. आता रोज खायलेय. गरम असती, मऊ असती, नि घशाखाली उतरत न्हाई.

मंगळवार, २५
लय मोठी चूक केली.
म्याडमनं इचारलं, "भाकरी सुरू झाली का?" शेजारी कमळ बसलेली. जावंच्या चुलीचं खाते असं परक्या पोरीपुढं कसं सांगू? म्हणलं, "केली की."
"रोज?"
"रोज. दोन."
इतकी खूश झाली. कागदावर लिहिलं. म्हणली आता भांडी, कपडे सुरू करा, नि महिन्यानं या. इलासला बी फोन लावला. तिकडून म्हणला, "मग माझी काळजी गेली."
यष्टीत कमळ खिडकीबाहेर बघत म्हणली, "आक्का, सकाळी तुमच्या भाकरीत मीठ बरोबर होतं का?"
 

मंगळवार, २ डिसेंबर
आठ दिवस एकटीच झटायलेय. एक बी भाकरी टिकली न्हाई. आज सगळा गोळा म्हशीला घातला. ती बी आधी वास घेऊ लागली.
येळवस १९ ला.

शुक्रवार, ५
न बोलावता दवाखान्यात गेले. एकटी. यष्टीत चढताना कंडक्टर म्हणला, "मावशी, संग कुणी न्हाई?" म्हणलं, "तू हायस की."
म्याडमला खरं सांगितलं. हाताचा फोड दाखवला. आज पहिल्यांदा चिडली. "मावशी, तुमच्या हाताला गरम कळत नाही, हे मला आधी कळायला नको? मी तुम्हाला पुढचं काम देऊन बसले!" मला बरं वाटलं. माणूस हाय म्हणजे.
मग घरची चूल कशी, किती खाली, परात कसली, सगळं इचारलं. म्हणली, चूल बंद. ग्यास टेबलावर ठेवा. उभं राहून करा.
"उभ्यानं भाकरी थापणारी बाई मी जन्मात बघितली न्हाई."
"मग आता बघा. आरशात."
परातीखाली ओलं पोतं, म्हणजे फिरायची न्हाई. ओल्या फडक्यावर डाव्या हातानं थापायची, फडकं उचलून तव्यावर उलटी टाकायची. उजवा हात परातीच्या काठावर वजन म्हणून ठेवायचा. "रिकामा बसवू नका त्याला. पण तव्याजवळ नेऊ नका."
म्हणलं, "हे तर थालपीठ झालं."
"पोट भरेल का?"
पोट भरंल. पण भाकरी ती भाकरी असती. पोरीला काय कळतंय.

मंगळवार, ९
पहिली फडक्यालाच चिकटली. दुसरी तव्यावर तुकडे तुकडे. तिसरी टिकली. एका भाकरीत एवढा येळ गेला की पूर्वी मी तेवढ्यात दहा माणसांचं उरकून शेताला लागायची.
कमळ भितीवरून डोकावली. "उभ्यानं व्हय आक्का? हाटेलवाल्यावानी?"
"हाटेलच टाकते. तू भांडी घासायला ये."

रविवार, १४
कमळला म्हणलं, उद्यापासून भाकरी देऊ नको. तिला राग आला. "माझ्या हातचं कडू लागलं का?" कडू न्हाई लागलं. पण तिला तसं सांगितलंच न्हाई.
करपलेली खाल्ली, तेल-तिखटाबरोबर. माझी होती.

येळवस, १९
इलास नि सूनबाई काल आले. सकाळी सगळे शेतात. कडब्याची खोपटी, कोप, केली, पाच दगडाला चुना लावून पांडव मांडले. मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं कमळ नि सुनेनं घरूनच आणलेलं. मी डबा उचलाया गेले तर सून म्हणती, "तुमी बसा ना आई." आंबील वाढाया गेले तर कमळनं तांब्या घेतला. दिवसभर कोपीत.
शेवटी ओरडले. "मी काय सहावा पांडव हाय का, चुना लावून बसवायला?"
सगळे हसले. इलास बी हसला. मी न्हाई. त्यानं मला आज काय करताना बघितलं? बसताना.

शनिवार, २०
इलासला सकाळी सांगितलं. फोनवर सांगितलं ते खोटं होतं. तवा भाकरी कमळ देत होती.
इलास म्हणला, "आता खरं सांगायलीस हे मी कशावरून धरू?"
बरोबर हाय त्याचं.
"हितं उभा ऱ्हा. मधी हात घालायचा न्हाई," म्हणलं.
पहिली मोडली. त्याचा हात पुढं आला. म्हणलं, "माघं." दुसरी टाकली, फुगली न्हाई, पण उलटली. ताटात दिली. उभ्यानंच खाल्ली त्यानं, कोरडी.
"आजारी पडलीस तर?"
"तर कमळ हाय भितीपलीकडं. हाक मारंन."
"तिला इचारलंस?"
न्हाई इचारलं. चौदा तारखेपासून बोलणं न्हाई आमचं.
इलास भितीकडं गेला. दोघं बोलायलेत. ऐकू येत न्हाई.
सुनेनं माझी लुगडी पिशवीत भरून ठेवलीत. मी एक एक काढून दोरीवर टाकायलेय. ती बघायलीय, अडवत न्हाई, परत भरत बी न्हाई. पुण्याची गाडी दुपारची हाय. पिशवीत अजून चार लुगडी राहिलीत.