मागच्या खोलीतला शिपाई

५ जानेवारी

पुतळा आला एकदाचा! कोपऱ्यावरचं कापडाचं दुकान बंद पडलं, त्यांच्या काचेमागे उभा असायचा तो. मालक भंगारातच घालणार होता. हमाल आणि मी, दोघांनी मिळून जिन्यावरून वर चढवला. वळणावर डोकं भिंतीला आपटलं, नाकाचा शेंडा उडाला. असू दे. टोपीखाली नाक कोण बघतंय!

ही दारात उभी. "घरात माणसं कमी पडली का?"

बाबा खुर्चीत होते. पुतळा त्यांच्या समोरून गेला, पण त्यांची नजर खिडकीबाहेरच. बरं झालं. लगेच मागच्या खोलीत नेला आणि कडी घातली.

७ जानेवारी

दुपारी खाली दुकानाला कुलूप. फ्रेमा काय, उद्याही होतील. गणवेश चढवला. जपानी पायदळाचा, अस्सल. आतल्या अस्तरावर कोठाराचा शिक्का अजून वाचता येतो. मानेवर कापडी झालर पडणारी टोपी, पुढे तारा. पिंढऱ्यांना पट्ट्या गुंडाळता गुंडाळता घाम फुटला, दोनदा सुटल्या. कमरेला चामडी पट्टा. छातीवर चीनच्या मोहिमेचं पदक, ब्राँझचं, वर पंख पसरलेला पक्षी. त्याची डबी बाजूच्या फळीवर ठेवली. डबी नसेल तर पदक नागडं, असं आम्हा जमवणाऱ्यांत म्हणतात. आणि घासायचं तर मुळीच नाही! चढलेला काळपटपणा हेच त्याचं वय. ते पुसणारा माणूस मी घरात उभा करणार नाही.

काय दिसतोय! पाणी प्यायला बाहेर गेलो, परत आलो तर मीच दचकलो.

८ जानेवारी

ताईचा फोन. "अजून तेच चालू आहे का तुझं? ज्यांनी बाबांना उपाशी मारलं त्यांचे बिल्ले पुसत बसतोस!"

पुसत नाही, म्हटलं. तेवढंच बोललो. बाकी तिला काय सांगू?

इथे लिहितो. बाबा दुसऱ्या महायुद्धात तीन वर्षांहून जास्त जपान्यांच्या छावणीत होते, जंगलात, कैदी म्हणून. परत आले, लग्न केलं, आम्हाला वाढवलं, आणि त्यावर अवाक्षर काढलं नाही. आई गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. मी लहानपणी विचारायचो, तर म्हणायचे, "पाऊस फार होता." बस! पुढे जुन्या बाजारात एक जपानी पदक मिळालं. वाटलं, हे बघून तरी बोलतील. त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, उठले आणि हात धुऊन आले. साबण लावून.

तेव्हापासून जमवतोय. बाबा बोलत नाहीत तर वस्तू तरी बोलतील. ताई म्हणते ही हौस आहे. हौस असती तर तिकिटं जमवली असती.

आणि आता तर घाईच आहे. वर्षभरात बाबांची आठवण वाळूसारखी निसटत चालली आहे. हिला आईच्या नावाने हाक मारतात. परवा मला विचारलं, "आपण कुठून आलात?"

१२ जानेवारी

हे लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

सकाळी मागच्या खोलीत फळ्यांना पॉलिश मारलं. वास कोंडला म्हणून दार उघडं टाकून खाली दुकानात आलो. काच कापत होतो, तेवढ्यात हिची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. वर धावलो.

बाबा त्या खोलीच्या उंबऱ्यावर. पाय जुळवलेले, हात मांड्यांना चिकटवलेले, कमरेतून वाकलेले. पुतळ्यापुढे! वर होतच नव्हते. मी धरून उठवायला गेलो तर दातांतल्या दातांत म्हणाले, "हात लावू नकोस. बघतोय तो. दोघांनाही मारील."

गेली कित्येक वर्षं ज्या माणसाला जमिनीवरचा चष्मा उचलता येत नाही, तो माणूस!

शेवटी त्यांना ओढूनच बाहेर आणलं. दाराला कडी. हिने माझ्याकडे पाठ करून बाबांना पाणी पाजलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

१३ जानेवारी

सकाळी उठून बघतो तर बाबा त्या बंद दारासमोर उभे. जपानीत आकडे म्हणत होते. इची, नी, सान, शी... खणखणीत! मग थांबले. वाट बघत राहिले. त्या दोन-चार शब्दांत मी जे ऐकलं ते सगळ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

मी दार उघडलं.

हे कुणाला सांगता येणार नाही. मी दार उघडलं आणि दाराआड बसलो. बाबा आत गेले, वाकले, सरळ झाले. मग हळू आवाजात, आपल्या भाषेत, "सगळे हजर आहेत साहेब. लोहार आजारी आहे. त्याचं काम मी करतो."

कोण लोहार? कधी नाव ऐकलं नाही!

१४ जानेवारी

आज जास्त बोलले. लोहार म्हणजे त्यांच्या शेजारी झोपणारा कैदी. धंद्याने लोहार होता म्हणून तेच नाव. पायाला जखम, ती चिघळलेली. बाबा त्याच्या वाटचे ओंडके वाहायचे. पुतळ्याला विनवत होते, "उद्या यासुमे द्या साहेब. एक दिवस." यासुमे म्हणजे विश्रांती. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. बाबांच्या तोंडून ऐकणं वेगळंच.

ही म्हणाली, "तो पुतळा काढा." मी म्हटलं, काढतो.

काढला नाही. उद्या.

१६ जानेवारी

बाबा जेवत नाहीत. ताट समोर ठेवलं की मागच्या दाराकडे बघतात, परवानगी मिळेपर्यंत हात लावत नाहीत. अर्धी पोळी बनियनमध्ये लपवलेली सापडली. "लोहारासाठी" म्हणे. पाय सुजलेत. तासन् तास उभे राहतात.

ताई आली. तिने सगळं पाहिलं. मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू काय करतोयस, कळतंय का तुला? तुझ्या त्या कपाटात भर घालतोयस! बाबांची!"

मी म्हटलं, ताई, ते बोलताहेत. पहिल्यांदाच बोलताहेत.

"तुझ्याशी बोलताहेत का?"



तरीही म्हणालो, एकच दिवस दे. आणि ताई रडत निघून गेली. तिच्या जागी मी असतो तर थोबाडीत मारली असती.

१७ जानेवारी

मिळालं. जे हवं होतं ते मिळालं. आता ते घेऊन कुठे जाऊ?

लोहाराला त्या दिवशी वेळेवर वाकता आलं नाही. पाय! पहारेकऱ्याने दोघांना समोरासमोर उभं केलं आणि बाबांना हुकूम केला, मार त्याला. बाबांनी हळूच मारलं. तेव्हा बाबांनाच मार बसला. मग पुन्हा हुकूम. आणि मग...

"मी जोरात मारलं साहेब. तुम्ही म्हणालात म्हणून. तो बघत होता माझ्याकडे. हसला सुद्धा, म्हणाला, मार रे, लागत नाही. मी मारत गेलो साहेब. आता त्याला यासुमे द्या ना. उठत नाहीये तो."

नव्वदीकडे झुकलेला माझा बाप एका नाक तुटलेल्या पुतळ्यासमोर लहान मुलासारखा रडत होता. आणि मी दाराआड, कान लावून! गिधाडसुद्धा प्राणी मरेपर्यंत थांबतं.

हेच का ते, जे मला लहानपणापासून हवं होतं? "पाऊस फार होता." किती जपून ठेवलं होतं त्यांनी ते आमच्यापासून. साबण लावून हात धुतले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाबांना झोपवलं. पुतळ्याचे कपडे उतरवले, त्याचे हात काढले, पोत्यात भरून खाली नेला.

१९ जानेवारी

आगीतून फुफाट्यात.

बाबा खोली रिकामी बघून जास्तच घाबरलेत. घरभर शोधतात. पडद्यामागे, दाराआड, पलंगाखाली. "दिसत नाही म्हणजे मागे उभा असणार." पाठ भिंतीला लावून बसतात. अन्नाचा कण नाही, कालपासून पाणीही नाही. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात नळी घालावी लागेल, आणि या अवस्थेत हात बांधावे लागतील.

हात बांधायचे. बाबांचे. ही पदराने डोळे पुसत भांडी घासत राहिली. एकच पातेलं, किती वेळ!

ताईला फोन केला. काय करू, म्हटलं. ती म्हणाली, "ज्याने आत घातलं त्यानेच सोडायला पाहिजे. दुसऱ्या कुणाचं ते ऐकतील का?"

रागाने बोलली असेल. पण शब्द डोक्यातून जाईनात.

२० जानेवारी

आमच्यात एक नियम आहे. जमवलेली वस्तू अंगावर चढवायची नाही. घामाने कापड कुजतं, शिवण जाते. आजवर मी ती टोपीसुद्धा हातमोजे घालून उचलली.

आज तो गणवेश स्वतःच्या अंगावर चढवला. डांबरगोळ्यांचा वास, त्याखाली आणखी कसला तरी जुना वास. खांद्यात घट्ट. हात घातला तशी बगलेत शिवण टर्रकन उसवली. काही वाटलं नाही! पट्ट्या हिने गुंडाळून दिल्या, माझ्याकडे न बघता. छातीवर पदक. आरशात बघायचं धाडस झालं नाही.

बाबांच्या खोलीत गेलो. भिंतीला टेकून बसले होते. मला बघितलं आणि... काय सांगू... चेहऱ्यावर सुटका दिसली. मागे नाही, समोर आहे! धडपडत उठले. वाकले.

मी म्हणालो, यासुमे. पुन्हा म्हणालो, मोठ्याने. यासुमे! लढाई संपली. घरी जा सगळे.

बाबा सरळ झाले. जमिनीकडे बघत विचारलं, "लोहारानेही जायचं, साहेब?"

हो, म्हटलं. लोहारानेही.

"त्याला चालता येत नाही."

तुम्ही उचलून न्या.

"नेतो साहेब." आणि पुन्हा वाकले. या वेळी भीतीने नाही. तसं मला वाटलं.

मी बाहेर येऊन न्हाणीघरात बसलो. अंगातला तो कोट काढता येईना, खांद्यातच अडकला. दारापलीकडून हिचा आवाज, "अहो, बाबांनी भात मागितला!"

२१ जानेवारी

दोन वेळा जेवले. दुपारी घोरत होते. घोरणं इतकं गोड असतं हे ठाऊक नव्हतं! ताईला फोनवर सांगितलं तर हसली आणि रडली, दोन्ही एकदम. "शहाणा आहेस रे," म्हणाली. कित्येक वर्षांनी म्हणाली.

उद्या एका संग्राहकाला बोलावलंय. सगळं घेऊन जा म्हणणार. पदकं, डब्या, पट्टे, टोपी. उसवलेला कोट मात्र त्याला देणार नाही. जाळणार.

खोली रिकामी झाली की तिथे बाबांचा पलंग. उजेड चांगला आहे तिथे.

२२ जानेवारी

सकाळी चहा घेऊन गेलो. अंगात घरातला सदरा, पायात चपला. "बाबा," म्हटलं, "चहा."

बाबा उठले. पाय जुळवले. माझ्यासमोर कमरेतून वाकले. मी यासुमे म्हणेपर्यंत वर झाले नाहीत. मग कप घेतला, आणि दबक्या आवाजात विचारलं, "साहेब, घरी माझा मुलगा वाट बघत असेल. कधी सोडणार?"