निळ्या बादलीतलं उळं

तीर्थस्वरूप दादा यांना,

दत्तूचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत (मी सोडून). तुमचा गुडघा कसा आहे? ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून तुम्ही रोज सकाळी घंटागाडीमागे बादली घेऊन धावता, त्यानेच तो सुजतो, असं वहिनी आशाला सांगत होत्या. तेल लावा, पण तक्रार करू नका. नाशकात निदान धावायला गाडी तरी येते. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला ‘मुद्द्यावर ये’ म्हणता, आणि मुद्दा नेमका कोणता हेच मला दीड महिना झाला उमगत नाहीये. म्हणून पत्र.

मी गावच्या स्वच्छता समितीचा अध्यक्ष झालो, हे तुमच्या कानावर आलंच असेल. (झालो म्हणजे, बैठकीला उशिरा पोचलो.) कचऱ्याची गाडी सरकारच्या पैशातून आली, पण तिच्या डिझेलचं काय आणि ती चालवणाऱ्या भिकाच्या पगाराचं काय, हे कुठल्याच कागदात नव्हतं. मग घरटी महिना तीस रुपये ठरले. गावात घरं साठ, नाल्यापलीकडच्या वस्तीत एकोणीस. गावातली बहुतेक घरं ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात, वस्तीवाले एक तारखेला रोख आणून देतात. म्हणजे डिझेल वस्तीचं आणि गाडी फिरते गावात. वस्तीत ती जात नाही, कारण तिकडे रस्ता नाही. हे कारण समितीत मीच मांडलं होतं, आणि मांडताना ते मला फार पटलं होतं.

गाडीबरोबर घरटी दोन बादल्याही आल्या. ओल्या कचऱ्याला हिरवी, कोरड्याला निळी. आता इतक्या घट्ट झाकणाच्या नव्याकोऱ्या बादलीत कचरा कोण टाकेल? कोणी बाजरी भरली, कोणी पापड. सरपंचांच्या हिरव्या बादलीत तर कोंबडी अंड्यांवर बसली होती. शेवटी मी ग्रामसभेत उभा राहिलो, सगळ्यांना फैलावर घेतलं आणि भिकाला सर्वांदेखत हुकूम दिला की ओट्यावर बादली दिसली की विचारत बसू नकोस, ओत. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी आपलं उळं तपासलं (वहिनींसाठी सांगतो, उळं म्हणजे कांद्याचं बी). ते निळ्या बादलीत होतं. बी कोरडं ठेवावं लागतं आणि कोरडं ते निळ्यात, हे गावाला शिकवणारा मीच ना!

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी आशाने उळ्याला ऊन दाखवायला म्हणून ती बादली ओट्यावर ठेवली. भिका आला. अध्यक्षांचं घर म्हणून त्याने आधी आपलीच बादली ओतली, वर स्वच्छ धुऊन पालथी घालून गेला. पाच किलो उळं होतं, दादा. आपल्या आण्णांच्या हातचं वाण. त्यांनी दर साली एकेक कांदा पारखून धरलेलं, आणि ते गेल्यावर नऊ वर्षं मी सांभाळलेलं. दुसरीकडे कुठे दाणा नाही. मी गाडीमागे पळत पंचायतीच्या कचऱ्याच्या खड्ड्यापर्यंत गेलो, पण तोवर कचऱ्यावर मातीचा थर पडला होता. (रोज मातीचा थर द्यायचा, हाही नियम माझाच.) त्या रात्री उठून मी ती धुतलेली बादली दोनदा चाचपून पाहिली. कोणाला बोललो नाही, तुम्हाला सांगतो.

पुढचं ऐका. दहा-बारा दिवसांत खड्डा हिरवागार झाला! खाली कुजका पाला, वर माती, बाजूने हापशाचं सांडपाणी. असं रोप माझ्या वाफ्यात कधी उतरलं नाही. मी कुदळ घेऊन धावलो, तर ग्रामसेवक मॅडम म्हणाल्या की पंचायतीच्या खड्ड्यात पडलं ते पंचायतीचं, अर्ज करा. अर्ज स्वच्छता समितीच्या अध्यक्षांकडे करायचा होता. मी तो मलाच दिला आणि पोच घेतली. तेवढ्यात गावात बोभाटा झाला की तीस रुपये भरणाऱ्या प्रत्येकाला रोपात वाटा मिळणार. त्याच संध्याकाळी तीन महिन्यांची थकबाकी जमा झाली. आता मी अध्यक्ष म्हणून खूश व्हावं की शेतकरी म्हणून रडावं, हे मला कळेना.

ग्रामसभा बसली. कोणी म्हणे रोप घरटी वाटा, कोणी म्हणे लिलाव करा, एकाने विचारलं की रोप हा ओला कचरा की कोरडा. मग वस्तीवरच्या अक्काबाई उठल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आमना पैसा गोड, नि आमना कचरा कडू शे का?” गेल्या पावसाळ्यात त्यांची दुभती गाय नाल्यात साचलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या खाऊन मेली. मी भेटायला गेलो होतो, दोन शब्द धीराचे बोललो होतो. त्या वेळी गाडी वस्तीवर जात असती तर गाय जगली असती, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं आणि मान वर होईना. अक्काबाईंनी मग निकालच दिला, “रोप सगळं दत्तूभाऊले दी टाका, पन पहिले गाडी वस्तीवर येऊ द्या.” सगळ्यांनी हात वर केले. माझाही हात वर गेला, कसा ते ठाऊक नाही.

रोप आता लावणीला आलंय. आठ दिवसांत उपटलं नाही तर जून होईल, आणि आण्णांचं वाण तिथेच संपेल. बाकी ठीक. वहिनींना नमस्कार, हर्षालीला आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमचा,
दत्तू

ता. क. – वस्तीवर जायला जागा नाही असं नाही. नाल्याच्या कडेचा आपला बांध आठ फूट सोडला की गाडी जाते. जमीन सामाईक असल्याने संमतीपत्रावर तुमची सही लागते.

ता. क. दुसरा – तीन वर्षांपूर्वी वस्तीवाल्यांनी हा रस्ता मागितला, तेव्हा ‘मी द्यायला तयार आहे हो, पण दादा एक इंच सोडत नाहीत’ असं मी सांगितलं होतं. तुम्ही नाही म्हटल्याचं तुम्हाला आठवत नसेल. आठवणार कसं, मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. चुकलो, दादा.

ता. क. तिसरा – अक्काबाई रविवारी संमतीपत्र घेऊन स्वतःच तुमच्याकडे येणार आहेत, तुमचं मन वळवायला. सही तर कराच. पण लगेच करू नका. निदान चहा होईपर्यंत तरी नाही म्हणा.