मजकूर इथे येईल

सोमवार, ३ मार्च

"आधी" आणि "नंतर"चे फोटो आले. "नंतर"मध्ये काहीच नाही!

डिझायनर हैराण. फोटो मोठा करून बघितला, आणखी मोठा केला, रंग उलटे केले. "अगं, हा नुसता कोट आहे. आधी भोक पडलेला कोट, नंतर कोट. लोक म्हणतील दुसराच कोट आणून फोटो काढला."

बरोबर आहे त्याचं. रफू चांगलं झालं की दिसत नाही. दिसलं तर चांगलं झालेलं नाही. म्हणजे आमच्या नव्या क्लायंटचं दाखवण्यासारखं जे काही असेल ते सगळं बिघडलेलं काम असणार. आणि बिघडलेलं काम त्यांच्याकडे नाही. विचारलं मी.

क्लायंट म्हणजे रफूवाल्या काकू. ऑफिसच्या मागच्या गल्लीत दुकान — एक टेबल, एक वाकडी मान केलेला दिवा, एक स्टूल. साहेबांच्या सुटाला इस्त्रीने भोक पाडलं, ते काकूंनी बुजवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना भोक कुठे होतं तेच सापडेना. भारावून गेले आणि काकूंना वेबसाइट भेट देऊन टाकली. करायची आम्ही.

मंगळवार, ४ मार्च

साहेबांची प्रश्नावली भरून घ्यायला काकूंकडे. छोट्या उद्योगांसाठी बावीस प्रश्न. साहेबांचा त्या बावीस प्रश्नांवर फार जीव आहे.

तुमचा आदर्श ग्राहक कोण? — "ज्याचं फाटलंय तो."

तुमचे स्पर्धक? — "लोक नवीनच घेतात गं."

ग्राहकांचे अभिप्राय मिळतील का? — इथे काकू पहिल्यांदा हसल्या. "रफू करून घातलंय हे कुणी आपण होऊन सांगतं का? रस्त्यात दिसले तरी ओळख दाखवत नाहीत माझी गिऱ्हाइकं."

वेबसाइटकडून अपेक्षा काय? — इथे सुई थांबली. "महिनाअखेरपर्यंत बघते. गिऱ्हाईक आलं तर दुकान राहील. नाही तर कुलूप लावायचं आणि मुलाकडे जायचं. तो बोलावतोच आहे. खोली ठेवलीय म्हणतो माझ्यासाठी."

मुलगा दुसऱ्या शहरात. सून, आणि एक नात पाच वर्षांची. नातीबद्दल विचारायला फॉर्ममध्ये जागा नव्हती, तरी दहा मिनिटं तिच्यावरच गेली.

मी फॉर्मवर लिहिलं: उद्दिष्ट — दुकान टिकवणे. मुदत — ३१ मार्च. साहेब खूश. म्हणे, इतकं स्वच्छ उद्दिष्ट मोठ्या कंपन्यांकडेही नसतं.

गुरुवार, ६ मार्च

खरा मजकूर येईपर्यंत डिझायनर रिकाम्या चौकोनांत एकच वाक्य भरतो — मजकूर इथे येईल मजकूर इथे येईल मजकूर इथे येईल. पानभर. मला ते बघवत नाही. दिवसभर कुणीतरी येणार येणार म्हणतंय आणि येत नाही असं वाटतं. म्हणून माझ्या वाटणीच्या पानांवर मी सुचेल ते भरते. प्लंबरच्या साइटवर एकदा एका नळाचं आत्मवृत्त होतं आठवडाभर. कुणी वाचत नाही. खरा मजकूर आला की पुसायचं.

काकूंच्या "आमच्याविषयी" पानावर आज भरलेलं:

"मी रफू करते. काय फाटलंय ते दाखवा. कसं फाटलं ते मी विचारणार नाही. पण तुम्ही सांगाल. सगळेच सांगतात. स्टूल त्यासाठीच ठेवलंय. बसा, सावकाश सांगा."

(स्टूल बल्ब बदलायला ठेवलंय.)

सोमवार, १० मार्च

अक्कलदाढ काढली. तीन दिवस रजा. तोंड भोपळ्याएवढं. लिहायला तोंड लागत नाही तरी लिहवत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

ऑफिसला आले तर साइट सुरू झालेली! सोमवारीच. साहेबांनी बटण दाबलं. "आमच्याविषयी" — माझाच मजकूर, जसाच्या तसा.

"काकूंनी पास केलं," साहेब म्हणाले.

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या साहेबांनी फोन पुढे धरला, म्हणाले बघा. मी बघितलं. चांगलं आहे म्हटलं."

"वाचलंत?"

"वाचायचा चष्मा वेगळा असतो. माझ्या डोळ्यावर कामाचा होता. त्याने धागा दिसतो, फोन नाही."

डिझायनर म्हणाला त्याला वाटलं हाच खरा मजकूर. म्हणजे त्याने तरी वाचला! एरवी कधी वाचत नाही मेला.

लगेच काढायला बसले. साहेबांनी माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला. चार दिवसांत साइटवरून एकोणीस फोन गेले होते दुकानात.

शनिवार, १५ मार्च

एकतीस.

मंगळवार, १८ मार्च

साहेब कुणाचं ऐकेनासे झालेत. बाकीच्या क्लायंटनाही "तसंच काहीतरी" हवंय. प्लंबरसाठी: तुमचा नळ का गळतो, सावकाश सांगा. खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांसाठी: सगळं सांगा. मी म्हटलं, साहेब, त्यांच्याकडे माणसाचं तोंड उघडं असतं पण बोलता येत नाही. स्वतः भोगलंय. "मग ते लिही!"

दुपारी काकू स्वतः ऑफिसात. आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी.

"तू लिहिलंस ना ते?"

"हो. चुकून."

"चुकून काय? अक्षरं काय पडली का वरून?"

गोष्ट अशी — काकूंचं काम मोजण्याचं आहे. भोकाच्या कडेचे धागे मोजायचे, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून तसेच धागे काढायचे, आणि दोन वर, एक खाली, दोन वर, एक खाली असं विणत जायचं. एक चुकला की सगळं उसवायचं. आणि आता येणारा प्रत्येक जण स्टुलावर बसतो आणि सांगतो. कुत्रा चावला. कुत्रा कुणाचा. त्या कुत्र्याच्या मालकाशी भांडण आधीपासूनच कसं होतं. आठ दिवसांत काकूंनी एक पँट चार वेळा उसवली.

"गिऱ्हाईक आलं म्हणून काम होईना, ही कुठली तुमची जाहिरात?"

साहेब म्हणाले, ही वाढीची दुखणी आहेत. काकूंनी त्यांच्या सुटाकडे नुसतं बघितलं. ते आत गेले.

मग मला म्हणाल्या, "तू लिहिलंस, तू ऐक."

बुधवार, १९ मार्च

माझी बदली. साहेबांच्या भाषेत "प्रत्यक्ष ग्राहक-अभ्यास". म्हणजे दुपारी दोन ते सहा काकूंच्या दुकानात. काकूंनी टेबलापुढे जाड पडदा लावलाय. आत त्या, बाहेर दोन स्टुलं — एक गिऱ्हाइकाचं, एक माझं. मी सगळ्यांना सांगते, "काकू आत मोजतायत, त्यांना काही ऐकू जात नाही. मला सांगा." पडद्यामागून बारीक आवाज चालूच असतो — अकरा, बारा, तेरा...

आजचे: एक बाई, स्वेटर, बाही दारात अडकली. दार कुणी आपटलं ते शेवटी सांगितलं. एक बँकवाले, पँट, गुडघा. बसून बसून गुडघा कसा फाटेल? मी विचारलं नाही. विचारणार नाही असं लेखी दिलंय आपण.

शुक्रवार, २१ मार्च

आज एक गृहस्थ शर्ट घेऊन आले. खिशापाशी सरळ, स्वच्छ चीर. पाऊण तास बोलले — बायको माहेरी गेलीय, घरात घड्याळाचा आवाज फार मोठा झालाय, वगैरे. ते गेल्यावर पडदा सरकला. काकूंनी शर्ट दिव्याखाली धरला.

"कात्रीने कापलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे स्वतःच कापलंय. यायला काहीतरी हवं ना हातात."

शर्ट घेतला आणि कामाला लागल्या.

सोमवार, २४ मार्च

काकू पडद्यामागून: "त्या शर्टवाल्यांची बायको आली का गं परत?"

"तुम्ही मोजत होतात ना?"

"मोजतच होते."

मंगळवार, २५ मार्च

हिशेबी माणसासारखं वागायचं ठरवलं. काकूंच्या वहीत मेपर्यंतचं काम लिहिलेलं आहे. मे! उद्दिष्ट पूर्ण. सांगायला गेले तर काकू जमिनीवर बसून चिंध्या खोक्यात भरतायत. लोकरी एकीकडे, सुती एकीकडे.

"काकू, दुकान टिकलं! मेपर्यंत काम आहे."

"माहितेय."

"मग हे काय?"

खूप वेळ चिंध्याच लावत बसल्या. मग म्हणाल्या, "तुला काय वाटलं, गिऱ्हाईक यावं म्हणून हो म्हटलं मी तुझ्या साहेबांना? चाळीस वर्षांचं दुकान असंच कसं टाकून जाणार? लोक म्हणतील, सुई धरवेना म्हणून पळाली. मनाला तरी सांगता आलं असतं — जाहिरात करून पाहिली बाई, कुणी आलं नाही. निमित्त हवं होतं. तेवढं एक काम तुमच्याकडे दिलं, तेही धड केलं नाहीत."

मी सॉरी म्हटलं. गिऱ्हाईक आणल्याबद्दल सॉरी म्हणण्याची ही आमच्या ऑफिसातली पहिलीच वेळ.

"तरी जाणारच," म्हणाल्या. "मे तर मे. तिकडे बसून करीन, पोस्टाने पाठवीन. एकतीसला येते म्हणून सांगितलंय. खोलीला खिडकी आहे म्हणाला, उजेड चांगला येईल."

साहेबांना यातलं काही सांगितलं नाही. ते काकूंच्या साइटच्या यशावर भाषण तयार करतायत.

शनिवार, २९ मार्च

नीट लिहून ठेवते. घाईघाईने लिहिलं तर मी काहीतरी भर घालेन.

चारच्या सुमाराला एक जण आला. पस्तिशीचा असेल. प्रवासातून आलेला, खांद्याला बॅग. दुकानाची पाटी बघितली, छत बघितलं, मग पडदा बघितला. जाकीट काढून माझ्या हातात दिलं — कोपर फाटलेलं. मी नेहमीचं वाक्य म्हटलं: काकू आत मोजतायत, त्यांना काही ऐकू जात नाही, मला सांगा.

"नक्की ऐकू जात नाही?"

"नक्की."

बसला. आतून चालूच — चार, पाच, सहा. तो माझ्याशी बोलत होता, पण बघत पडद्याकडे होता.

म्हणाला, नोकरी जाऊन सात महिने झाले. भाड्याचं घर सोडलं. बायको, मुलगी आणि तो, तिघं सासऱ्यांच्या घरी राहतात, हॉलमध्ये. रात्री गादी घालायची, सकाळी सगळे उठायच्या आत गुंडाळायची. "मुलीला वाटतं आपण सहलीला आलोय. विचारते, सहल कधी संपणार?"

मी जाकीट मांडीवर घेतलं.

"आईला सांगितलं नाही. फोनवर विचारते, खोली तयार आहे का? मी म्हणतो, आहे. म्हणते, खिडकी आहे का? म्हणतो, आहे. एकदा आहे म्हटलं की मग... खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा लावू असंही विचारून झालंय मागच्या आठवड्यात. निळा म्हणाली." हसला. "एकतीसला येणार आहे. गाडीचं तिकीट काढलंय तिने. म्हटलं फोनवर नको, समोर जाऊन सांगू. मग गाडीत तुमची वेबसाइट वाचली. विचारणार नाही, पण तुम्ही सांगाल."

आतून: सात, आठ, नऊ. सात. आठ. नऊ. सात.

मला तोपर्यंत कळलं नव्हतं! इतकी मठ्ठ मी. त्या तिसऱ्या "सात"ला कळलं.

तो उठला. जाकीट राहू दे म्हणाला. "कधी मिळेल?" मी म्हटलं, मेपर्यंत नंबर लागलेत. तो म्हणाला, घाई नाही. पडद्यापाशी जाऊन थांबला, हात पुढे केला, आणि मग बॅग उचलून रस्त्यावर गेला. मागे धावावं असं वाटलं. नाही धावले. जाकीट हातात धरून तशीच उभी.

पडदा हलला नाही. सहाला मी म्हटलं, काकू, निघते. आतून "हं".

रविवार, ३० मार्च

दुकान बंद असतं. तरी जाऊन आले. आत दिवा चालू होता. दार वाजवलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

दहालाच गेले. पडदा काढून घडी घालून ठेवलेला. काकू जाकिटाचं कोपर विणत होत्या, सगळ्यांचे नंबर मोडून. फोन टेबलावर, स्पीकर चालू. "मी येत नाही रे. इथलं काम एकटीने उरकत नाही, ती वेबसाइट फार चालली. गिऱ्हाइकांशी बोलायला माणूस हवा, घरी माझ्याशी भांडायला हवा. तुम्ही तिघं इकडे या. माझ्यासाठी नको, दुकानासाठी ये." काकूंनी फोनकडे बघितलं नाही, सुईकडेच बघत मोजत राहिल्या. तेविसाव्या धाग्याला तो म्हणाला, "कधी येऊ?"