दीड गोल

शास्त्री नगर, जयपूर
३० जून २००६

प्रिय कौशिक,

तुला भुसावळला जाऊन दहा दिवस झाले. जयंतीआत्याकडे फोन केला की तू अंघोळीला गेलेला असतोस. दिवसातून चार वेळा अंघोळ करणारा मुलगा आमच्या घरी तरी नव्हता! म्हणून लिहितोय. तुझी आई म्हणते, मराठी वाचायला त्याला वेळ लागतो. लागू दे.

त्या रविवारी तू चहाच्या थडीवर, म्हणजे त्या टपरीवर, लाल जर्सीवाल्यांवर पैजेत सायकल लावलीस, हे आईनं मला फुटबॉलची मॅच चालू असताना सांगितलं. डोकं फिरलं होतं माझं. पण लाल एक-शून्यनं जिंकले, मी स्वतः टीव्हीवर पाहिलं. वाटलं, सुटली सायकल, आता कशाला रागवायचं? कोपऱ्यावरून गरम जिलबी घेऊन आलो, तर तू तोंड पाडून बसलेला. म्हणे, "हरलो." मी वैतागून तुला दीडशहाणा म्हणालो आणि तू चक्क हसलास. "मतलब तेच ना बाबा, दीडच तर नडला." वाटलं, बापाची टिंगल करतोस. हात उचलला गेला. सकाळी तू बॅग भरलीस.

तेव्हापासून मी या दीडाच्या मागे लागलोय. ऑफिसातल्या सुधाकरनं चार वेळा कागदावर मांडून दाखवलं, चारही वेळा मी त्याच्यावरच ओरडलो. अर्धा गोल कुणी मारतो का रे? आमच्या रेल्वेत गाडी पोहोचली म्हणजे पोहोचली, दीड डबा वजा करून नाही बघत. पाचव्यांदा कुठे डोक्यात शिरलं. लाल तगडे, म्हणून थडीवाल्यानं त्यांच्या गोलांतून दीड आधीच कापून ठेवला होता. एकातून दीड गेल्यावर उरतंय काय? दोन गोलांच्या फरकानं जिंकले असते, तरच तुझी सायकल वाचली असती. आणि वरचा अर्धा कशाला, तर बरोबरीत सुटायची सोयच नको! संताप आला मला. जिंकलेल्यालाही हरवायचं, हा कुठला न्याय? हे मी सुधाकरला टेबल आपटून विचारलं.

तो शांतपणे म्हणाला, "ते राहू द्या. कौशिकचा बारावीचा निकाल काय लागला?" मी म्हणालो, "पास झाला, चौऱ्याहत्तर टक्के. पण आपल्या श्रीपादच्या सलोनीला एक्क्याऐंशी." सुधाकर पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "मग हा खेळ तुम्हाला येतोच की साहेब."

मी तो कागद चुरगळून तिथून उठलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मे महिन्यात तू निकाल घेऊन धावत आलास, तेव्हाही मी पहिलं सलोनीचंच विचारलं होतं. तुझ्या दहावीला, त्याआधी स्कॉलरशिपलाही, तू जिंकून आलास आणि मी आधीच काहीतरी कापून ठेवलेलं. कुठल्या परदेशी टीमनं एक गोल मारला, तर मी धावत जाऊन अर्धा किलो जिलबी आणली. तू बारावी पास झालास, त्या दिवशी आपल्या घरात साधी साखरसुद्धा कुणाच्या हातावर ठेवली नाही. चुकलो मी. सायकल गेली ती जाऊ दे. तू पास झालास, कौशिक. बस, पास झालास. पुढे 'पण' नाही. हे सांगायलाच हे पत्र लिहिलं. ये, जिलबी आणायची राहिली आहे.

तुझाच दीडशहाणा,
बाबा