वेतुरियाच्या बशीतली साखर

११ जानेवारी २००७

चि. लुमिनित्सा हिस सिदोनियामावशीचे अ. आ.

वाचून हसायचं नाही. परवा चर्चच्या जेवणात पाद्रीबाबांनी माझ्या नणंदेचं, वेतुरियाचं, पिफ्तिये तीनदा मागून घेतलं. माझ्या बशीला एक चमचा लावला आणि थंडीच्या गप्पा सुरू केल्या. पिफ्तिये म्हणजे डुकराचे पाय सहा तास शिजवून तो रस्सा थिजवायचा, हे त्या बाईच्यानं होणारच नाही. दुकानातली जिलेटिनची पुडी विरघळवत असणार. तुझे काका गेल्यापासून चार वर्षं आमच्यात बोलणं नाही, विचारणार कसं? म्हणून तिच्या बशीतला तुकडा रुमालात घालून उचलला. तो बरणीत घालून बसच्या ड्रायव्हरकडे दिला आहे. तू तिमिशोआराच्या प्रयोगशाळेत कातडी-कूर्चांतली साखर शोधतेस ना? मग हिच्यात पाय होते का ते शोध. उत्तर शिक्का मारून पाठव, चर्चच्या पायऱ्यांवर वाचून दाखवीन.

वेळेवर जेवत जा. माया आहे तशीच राहू दे.

सिदोनियामावशी

१९ जानेवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझा तुकडा सशाच्या सांध्याचा आहे, अशी थाप सरांना मारावी लागली. कातडीत आणि कूर्चेत साखरेच्या लांबच लांब माळा असतात. त्या कापून मी तुकड्यांचं वजन यंत्रावर करते. वजनावरून माळ कुठली ते कळतं. दुकानातल्या जिलेटिनमधून त्या धुऊन गेलेल्या असतात. वेतुरियाबाईंच्या बशीत मात्र माळाच माळा आहेत. एक तर कोंबड्याच्या तुऱ्यात असते तशी.

तुलनेला अस्सल माल हवा म्हणून नाताळात तू दिलेली बरणी उघडली. तिच्यात काहीच निघेना. यंत्र बिघडलं समजून धुतलं, पुन्हा घातलं. सरांनी विचारलं, पाणी तपासते आहेस का. मावशी, दोन्ही बरण्यांचा कागद शिक्क्यासकट सोबत आहे. पायऱ्यांवर वाचायचा का, ते तू ठरव.

रागावलीस तरी खाऊ पाठवणं थांबवू नकोस.

तुझी लुमिनित्सा

२९ जानेवारी

चि. लुमिनित्सास अ. आ.

तुझं यंत्र खोटारडं आहे, असं आधी लिहिलं होतं. ते फाडलं. दोन हिवाळे झाले, माझी बोटं वळत नाहीत. डुकराचे भाजलेले पाय खरवडायला सुरी धरवत नाही. पुडी आणायला मी शेजारच्या गावी जायचे. वेतुरियाला कळलं असतं तर कीव करायला आली असती, ते सोसलं नसतं.

काल चर्चबाहेर तीच समोर आली. ड्रायव्हरनं गावभर केलंच होतं. पोरीचं यंत्र काय म्हणालं, असं तिनं विचारलं. खोटं बोलावंसं फार वाटलं. पण मी म्हटलं, "तुझ्यात सगळं निघालं. माझ्यात काही नाही."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या पाय घेऊन येते. मोठं पातेलं काढून ठेव."

आली आहे. हे पत्र मी सांगते आणि ती लिहिते, तेव्हा अक्षर बरं दिसलं तर फसू नकोस. मावशीला विसरू नकोस म्हणजे झालं.

सिदोनियामावशी

ता. क. (हे माझं, वेतुरियाचं): खरवडताना तिनं माझ्या चार चुका काढल्या. मी एकीलाही उत्तर दिलं नाही. चार वर्षांनी ती मला बोलत होती, मध्येच थांबेल अशी भीती वाटली.