माझ्या वहीची चुकलेली पाने

सूनबाईस,

माझे पणजोबा, आजोबा आणि वडील, तिघेही नावाजलेले बुकबाइंडर. पण घरच्या मुलीला मात्र कोणी दाभणाला हात लावू दिला नाही. म्हणून डॉक्टरांनी, "डोकं तल्लख ठेवायचं तर हातांना नवी कला शिकवा," असे सांगताच अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी आकडे घातलेली पाने क्रमाने लावून वह्या बांधायला बसले.

तीन महिन्यांत माझे एकही पान मागेपुढे झाले नाही, याचा मला गर्व होता. तरी शंका आली, म्हणून काल दुपारी मुद्दाम तीन पाने उलटसुलट लावून आडवी झाले. उठून पाहते तो सगळी जागच्या जागी! वर तुझे म्हणणे, "आई, तुमचा हात म्हणजे हात हो!" तोंडावर कौतुक आणि पाठीमागे दुरुस्ती, ही कुठली रीत?

अगं, चुकलेले उसवून पुन्हा शिवावे, यासाठीच तर हा खटाटोप आहे. तूच चुका झाकल्यास, तर माझे डोके कोणत्या दिवशी डगमगू लागले, हे मला कळणार कसे?

मी बाइंडरकडे शिकायला एकटी जात आहे. पाचला परतेन. तुझ्या नवऱ्याला माझ्या मागे धाडू नकोस.

नवी सून असताना तू सासऱ्यांचा कोट इस्त्रीने जाळलास आणि तो दोष मी स्वतःवर घेतला. ते तू विसरली नाहीस, हे मी जाणते. पण यापुढे माझ्या चुका माझ्याच माथी असू देत. ते ऋण तू पुरते फेडलेस.

तुझी सासू